सशावांचून ससा : ‘वेल्श रॅबिट’ घरीं कसें करावें

इंग्रजी पाकशास्त्राच्या एखाद्या पुस्तकांत ‘वेल्श रॅबिट’ हें नांव वाचून शाकाहारी गृहिणीनें पुस्तक मिटून ठेविलें, तर त्यांत तिचा दोष नाहीं. ‘रॅबिट’ म्हणजे ससा. तेव्हां वेल्स देशांतील लोक ससा ज्या रीतीनें शिजवितात ती ही रीत, असाच अर्थ कोणीही करील. प्रत्यक्षांत या पदार्थांत ससा नाहीं, आणि दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या मांसाचा तुकडाही नाहीं. भाजलेला पाव, त्यावर वितळवून दाटसर केलेलें चीज आणि त्यांत मोहरीचा झणका, एवढाच हा पदार्थ. करावयास अर्धा तास पुरतो आणि साहित्यही थोडकेंच लागतें. असें असूनही तो पहिल्या खेपेस पुष्कळांचा बिघडतो, आणि बिघडतो तो बहुधा एकाच ठिकाणीं. तें ठिकाण कोणतें, तेथें नेमकें काय घडतें आणि तें कसें टाळावें, हें आज मला मुख्यतः सांगावयाचें आहे.

आधीं नांवाचा उलगडा करूं. इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेला वेल्स हा डोंगराळ देश. शेजाऱ्याची थट्टा करण्याची हौस सर्वच देशांत असते; इंग्रजांना वेल्श लोकांच्या गरिबीची थट्टा करण्याची होती. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं इंग्रजीतील बाजारी बोलीचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यांत ‘वेल्श फणी’ म्हणजे हाताचीं बोटें, असा अर्थ दिला आहे. ज्याला फणी बाळगण्याची ऐपत नाहीं तो बोटांनींच केस विंचरणार, हा त्यांतील टोमणा. ‘वेल्श रॅबिट’ हा याच माळेंतील मणी. ज्याच्या ताटांत ससासुद्धां येऊं शकत नाहीं त्यानें चीजलाच ससा म्हणावें, असा या विनोदाचा रोख समजला जातो. हें नांव लेखी स्वरूपांत १७२५ पासून आढळतें. पुढें हा विनोद कोणास कळेनासा झाला किंवा खटकूं लागला, आणि ‘रॅबिट’चें ‘रेअरबिट’, म्हणजे ‘दुर्मिळ घांस’, असें सोज्ज्वळ रूप निघालें. ग्रोसच्या कोशांत तेंही नमूद आहे. भाषाशुद्धीचे कैवारी मात्र या सुधारणेवर रुष्ट होते. एच्. डब्ल्यू. फौलर यानें १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषाप्रयोगाच्या ग्रंथांत मूळचें ‘रॅबिट’च बरोबर, असा स्पष्ट निवाडा दिला. आज दोन्ही रूपें प्रचारांत आहेत. आपण त्यांपैकीं कोणतेंही वापरावें. चीजला त्याचें सोयरसुतक नाहीं.

असल्या नांवांचें आपणांस फारसें नवल वाटूं नये. मुंबईच्या किनाऱ्यावर दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलाला इंग्रजींत ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचें बदक, म्हणतात, हें आपणांस ठाऊकच आहे. स्कॉटलंडच्या नांवावरही ‘स्कॉच वुडकॉक’ नांवाचा एक पदार्थ आहे. वुडकॉक हा पक्षी. पदार्थांत मात्र पावावर घातलेलीं अंडीं आणि खारविलेले लहान मासे असतात, पक्षी नसतो.

वेल्श लोकांना भाजलेल्या चीजची आवड होती, ही गोष्ट मात्र या नांवाहूनही जुनी आहे. लंडनमध्यें १५२६ सालीं छापलेल्या ‘अ हंड्रेड मेरी टेल्स’ या विनोदी गोष्टींच्या पुस्तकांत तिच्यावर एक गोष्ट आहे. स्वर्गांत वेल्श लोकांची फार गर्दी झाली आणि त्यांच्या बडबडीनें इतरांना स्वस्थता मिळेना. तेव्हां स्वर्गाचा द्वारपाल सेंट पीटर यानें एक युक्ति केली. तो दाराबाहेर गेला आणि त्यानें ‘भाजलेलें चीज!’ अशी वेल्श भाषेंत मोठ्यानें आरोळी ठोकली. ती ऐकतांच सारे वेल्श लोक धांवत बाहेर आले. सेंट पीटर गुपचूप आंत शिरला आणि त्यानें दार लावून घेतलें. गोष्ट रचणाराच्या मनांत कुचेष्टा होती हें उघड आहे. परंतु ज्या पदार्थासाठीं माणसें स्वर्ग सोडून धांवतात त्या पदार्थाची याहून मोठी प्रशस्ति कोणती असूं शकेल? वेल्समध्यें भाजलेल्या चीजला ‘काउस पोबी’ म्हणतात. थट्टा करणारे गेले. पदार्थ राहिला, आणि तो थट्टा करणारांच्या वंशजांच्याही ताटांत जाऊन बसला.

हॅना ग्लास या बाईंनीं १७४७ सालीं इंग्लंडमध्यें पाकशास्त्राचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें तें इंग्रज घराघरांतून वापरांत होतें. त्यांत स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश असे तीन ‘ससे’ दिले आहेत. वेल्श प्रकारांत पाव दोन्ही बाजूंनीं भाजावयाचा, चीजचा काप एका बाजूनें विस्तवासमोर शेकून पावावर ठेवावयाचा आणि त्याची वरची बाजू तापलेल्या लोखंडानें खरपूस करावयाची. वाटल्यास मोहरी चोळावयाची. इंग्लिश प्रकारांत भाजलेल्या पावाला आधीं पेलाभर तांबडें मद्य पाजतात. चीज पातेल्यांत वितळवून, त्यांत ‘एल’ नांवाची बियर किंवा दूध घालून, दाट मिश्रण करून पावावर पसरण्याची रीत त्यापुढची. आज वेल्श रॅबिट म्हटलें कीं बहुधा हीच रीत अभिप्रेत असते, आणि आपणांस तीच करावयाची आहे.

आतां मुख्य मुद्यावर येऊं. आपल्या स्वयंपाकघरांत हाताला एक सवय जडलेली असते. वाटण परतावयाचें तें तेल सुटेपर्यंत. शिरा हलवावयाचा तो कडेनें तूप दिसूं लागेपर्यंत. तेल सुटणें ही आपल्याकडे पदार्थ सिद्ध होत आल्याची खूण, आणि ती दिसल्यावांचून चूल मंद करावयाची नाहीं असें आपण आईपाशीं शिकतों. वेल्श रॅबिटमध्यें हीच खूण नाशाची आहे. मीं स्वतः पहिल्या प्रसंगीं हीच चूक केली. चीज वितळलें होतें, पण तें अजून ‘शिजलें’ नाहीं असें वाटून मीं आंच वाढविली आणि पिठल्याला आणावी तशी त्याला एक उकळी आणली. दोन मिनिटांत पातेल्याच्या एका अंगास पिवळें तेल आणि दुसऱ्या अंगास रबरासारखा गोळा, अशी वांटणी झाली. पाहुणे बाहेर बसले होते आणि घरांतलें सगळें चीज संपलें होतें. चीज शिजवावयाचें नसतें, नुसतें वितळवावयाचें असतें, हा धडा त्या दिवशीं मिळाला.

असें कां होतें तें पाहूं. दुधांत केसीन नांवाचें प्रथिन असतें. चीज करतांना दुधाला ‘रेनेट’ नांवाचें द्रव्य लावतात. त्यायोगें केसीनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचें एक जाळें तयार होतें, आणि त्या जाळ्याला जागोजाग कॅल्शियमचे टांके असतात. जाळ्याच्या पोटांत स्निग्धांश आणि पाणी कोंडलेलें असतें. चीजला उष्णता लागली म्हणजे प्रथम हा स्निग्धांश पातळ होतो. त्याला आपल्या अंगाच्या उष्णतेइतकी उष्णता पुरते. पुढें सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास चेडरसारख्या चीजचें जाळेंही सैल पडतें आणि तें वाहूं लागतें. हेंच खरें वितळणें, आणि येथेंच थांबलें पाहिजे. त्याहून बरीच अधिक उष्णता दिली तर केसीनचे कण एकमेकांना पुन्हां आवळूं लागतात, आणि ओलें फडकें पिळावें तसें आंतील पाणी व तूप बाहेर ढकलतात. एकदां पिळलें गेलेलें तें जाळें निवल्यावर पूर्ववत् होत नाहीं. म्हणून हा पदार्थ घाईला क्षमा करीत नाहीं.

यावरूनच आपलें पनीर येथें कां चालत नाहीं तेंही ध्यानांत येईल. पनीर करतांना तापलेलें दूध लिंबानें किंवा दुसऱ्या आंबट द्रव्यानें फाडतात. त्या आम्लानें कॅल्शियमचे टांके आधींच निघून गेलेले असतात आणि प्रथिनें निराळ्या रीतीनें घट्ट बसलेलीं असतात. असें पनीर तापविलें तर त्यांतील पाणी तेवढें निघून जातें. तें भाजतें, तळतें, पण वितळत नाहीं. पनीर किसून हा पदार्थ करावयास बसणाराच्या पदरीं निराशाच यावयाची.

चीज फाटूं नये म्हणून मंद आंचेखेरीज आणखी दोन उपाय या पदार्थांतच योजलेले आहेत. पहिला उपाय मैद्याचा. मैद्यांतील पिष्टाचे कण गरम द्रवांत फुगतात, आणि केसीनच्या कणांमध्यें व स्निग्धांशाच्या थेंबांमध्यें उभे राहून त्यांना वेगळें होऊं देत नाहींत. दुसरा उपाय आंबटपणाचा. बियर किंचित् आंबट असते. तिच्याऐवजीं दूध वापरल्यास शेवटीं लिंबाचे चार थेंब पिळावे. लिंबांतील आम्ल चीजमधील थोडेंसें कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतें, टांके किंचित् उसवतात आणि मिश्रण गुळगुळीत राहतें. लिंबू फार झालें तर मात्र आपण पुन्हां पनीराच्या वाटेला लागतों. म्हणून चार थेंब म्हणजे चारच थेंब.

आतां ज्यांना प्रमाण उतरून घ्यावयाचें असेल त्यांनीं कागद-पेन्सिल हातीं घ्यावी. पावाच्या चार कापांस चेडर चीज २०० ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम, मैदा २० ग्रॅम, म्हणजे सुमारें अडीच सपाट मोठे चमचे, बियर किंवा दूध १०० मिलिलिटर, कोरड्या मोहरीची पूड एक लहान चमचा, वूस्टर सॉस दोन लहान चमचे, ताजी कुटलेली मिरीं, आणि हवी असल्यास चिमूटभर लाल तिखट. मीठ घालूं नये. चीजमध्यें तें पुरेसें असतें. शेवटीं चव पाहून वाटलें तरच कणभर घालावें.

चीजची निवड महत्त्वाची आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांतील चेडर या गांवावरून ज्याचें नांव पडलें तें चेडर चीज, आणि तेंही कांहीं महिने पिकविलेलें, या कामास सर्वांत चांगलें. पिकतांना प्रथिनांचे लांब धागे तुटून लहान होतात. त्यामुळें तें ताणलें न जातां सरळ वितळतें, आणि चवही तीव्र होते. पिझ्झ्यावर वापरतात तें मोझरेला येथें घेऊं नये. त्याच्या तारा निघतात. वेल्सचें स्वतःचें प्रसिद्ध चीज म्हणजे केरफिली. तें पांढरें, भुसभुशीत आणि आंबटसर असतें. चवीसाठीं थोडें मिसळण्यास हरकत नाहीं, परंतु एकट्या केरफिलीचें मिश्रण चेडरइतकें मऊसूत होत नाहीं.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानांत डब्यांतून व वड्यांतून सहज मिळणारें चीज हें बहुधा प्रक्रिया केलेलें असतें. त्याची कल्पना स्वित्झर्लंडमधील थुन या गांवीं वॉल्टर गर्बर व फ्रिट्झ स्टेटलर यांनीं १९११ सालीं सिद्धीस नेली. त्यांनीं चीजमध्यें सायट्रेटचा क्षार घालून तें वितळविलें. क्षारानें कॅल्शियम बांधलें गेल्यामुळें चीज फाटेनासें झालें आणि पुष्कळ दिवस टिकूं लागलें. असें चीज वापरल्यास आपला पदार्थ बिघडण्याची भीति फारच कमी होते; पण चवही तितकीच बेताची होते आणि खारटपणा वाढतो. नवशिक्यांनीं अर्धें हें आणि अर्धें चेडर असें घ्यावें. तो मध्यम मार्ग खर्चालाही सोईचा आहे.

मोहरीविषयीं मराठी गृहिणीला कांहीं शिकविण्याची आवश्यकता नाहीं. लोणच्यासाठीं आपण मोहरी फेसतों तेव्हां ती पाण्यानें भिजतांच नाकांत झिणझिण्या आणते. तो झणका कोरड्या मोहरींत नसतो. दाणा कुटल्यावर आणि पाणी लागल्यावर आंतील एका पाचक द्रव्याच्या क्रियेनें तो उत्पन्न होतो. उकळतें पाणी घातलें तर तें द्रव्यच मरतें आणि मोहरी कडवट तेवढी लागते. म्हणून मोहरीची पूड चमचाभर थंड पाण्यांत कालवून दहा मिनिटें झांकून ठेवावी आणि मगच वापरावी. चीजच्या स्निग्ध चवीला हा झणका उठाव देतो. तो नसेल तर दुसऱ्याच घांसाला जीव कंटाळतो.

पाव आदल्या दिवशींचा असावा. ताजा मऊ पाव मिश्रणाच्या ओलाव्यानें लगदा होतो. काप बोटाच्या जाडीचे करावे आणि दोन्ही बाजूंनीं चांगले कुरकुरीत भाजावे. एकच बाजू भाजून दुसरीवर चीज घालण्याची कांहींची पद्धत आहे, पण तींत पावाची कच्ची बाजू ओली पडते.

आतां कृति. चीज किसणीनें बारीक किसून घ्यावें. मोठे तुकडे टाकले तर त्यांच्या पोटांत उष्णता पोंचेपर्यंत बाहेरचा भाग फार तापतो; कीस मात्र सारखा आणि लवकर वितळतो. चीज थंड पेटींतून काढलेलें असेल तर कीस करून पंधरा मिनिटें बाहेर ठेवावा.

जाड बुडाच्या पातेल्यांत मंद आंचेवर लोणी वितळवावें. तें तांबूस होऊं देऊं नये. त्यांत मैदा घालून लांकडी पळीनें एक-दोन मिनिटें परतावा. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग चढतां कामा नये. नंतर बियर किंवा दूध थोडें थोडें घालीत जावें आणि प्रत्येक वेळीं नीट घोंटावें, म्हणजे गुठळ्या होणार नाहींत. पिठलें घोंटणाऱ्या हाताला हें काम नवें नाहीं. सर्व द्रव संपल्यावर दाट खळीसारखें मिश्रण होईल. या मिश्रणाला मात्र एक-दोन मिनिटें खदखदूं द्यावें, कारण त्याशिवाय मैदा शिजून फुगत नाहीं. उकळी आणावयाची ती येथें, चीज पडण्यापूर्वीं. यापुढें उकळी नाहीं.

आतां पातेलें विस्तवावरून खालीं उतरवावें आणि अर्धें मिनिट थांबावें. मग चीजचा कीस मूठमूठ घालावा. एक मूठ विरघळल्यावर दुसरी, असें करीत पळी सारखी फिरवावी. पातेल्याच्या अंगच्या उष्णतेनेंच बहुतेक चीज वितळतें. शेवटची मूठ विरघळत नाहींशी वाटली, तर पातेलें अगदीं मंद आंचेवर क्षणभर धरावें आणि लगेच उतरवावें. मिश्रण एकजीव, तुकतुकीत आणि पळीवरून जड पट्टीसारखें ओघळणारें झालें कीं काम झालें. त्यांत फेसलेली मोहरी, वूस्टर सॉस, मिरीं आणि तिखट घालावें. दूध वापरलें असेल तर लिंबाचे चार थेंब पिळावे. मग पांच मिनिटें निवूं द्यावें. त्यानें तें पसरण्याजोगें घट्ट होतें.

भाजलेल्या पावावर हें मिश्रण सुरीनें अगदीं कडेपर्यंत पसरावें. कड उघडी राहिली तर ती वरच्या आंचेनें जळून कोळसा होते. नंतर ओव्हनमधील वरची सळई किंवा ग्रिल आधींच चांगलें तापवून, त्याच्या खालीं चार बोटांवर काप ठेवावे आणि तेथेंच उभें राहावें. दोन-तीन मिनिटांत वरचा भाग फुगून त्यावर तपकिरी ठिपके उमटतात. ठिपके उमटले कीं बाहेर काढावें. ही आंच प्रखर असली तरी ती क्षणभराची असते, आणि मैद्यानें सांवरलेलें मिश्रण तेवढी सोसतें. ज्यांच्याकडे ग्रिल नाहीं त्यांनीं खंत करूं नये. मिश्रण थोडें अधिक दूध घालून पातळसर ठेवावें आणि गरम असतांनाच गरम पावावर ओतून लगेच वाढावें. हीही मान्य रीत आहे.

एवढी काळजी घेऊनही मिश्रणाच्या कडेला तेलाचा तवंग दिसूं लागला तर? घाबरून पळी जोरानें फिरवीत विस्तवावरच उभें राहूं नये. पातेलें तत्काळ उतरवून त्यांत चमचाभर थंड दूध आणि लिंबाचे दोन-तीन थेंब घालून भराभर घोंटावें. तवंग नुकताच दिसूं लागला असेल तर मिश्रण बहुधा सांवरतें. रबरासारखा गोळा बनला असेल तर तें पुन्हां गुळगुळीत व्हावयाचें नाहीं; तो गोळा बारीक चिरून भाजीवर घालावा आणि वेल्श रॅबिट दुसऱ्या दिवशीं करावें.

आतां एक गोष्ट, जी न सांगितल्यास माझ्याकडून श्रोत्यांची फसवणूक होईल. नांवांत ससा असून पदार्थांत तो नाहीं, म्हणून शाकाहारी कुटुंबानें निःश्वास टाकावा, तों तीन ठिकाणीं सावध राहण्याची वेळ येते. पहिलें ठिकाण चीजचेंच. रेनेट हें द्रव्य पूर्वापार दूधपित्या वासराच्या जठरांतून काढीत आले आहेत. वनस्पतींपासून व बुरशीपासून मिळणारें रेनेटही आहे. शिवाय १९९० सालीं अमेरिकेंत सूक्ष्मजंतूंकडून तयार करविलेल्या रेनेटला मान्यता मिळाल्यापासून जगांतील पुष्कळ चीज त्याच रीतीनें होऊं लागलें. तरीही परदेशीं चीजचें वेष्टन वाचल्याखेरीज खात्री देतां येत नाहीं. आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या वेष्टनावरील हिरव्या चौकोनांतील हिरवा ठिपका पाहून घ्यावा. दुसरें ठिकाण वूस्टर सॉसचें. इंग्लंडमधील वूस्टर या गांवीं १८३७ सालीं विक्रीस आलेल्या या सॉसमध्यें चिंच, काकवी, कांदा, लसूण आणि शिर्का हीं तर असतातच, पण अँकोव्ही नांवाचे खारविलेले मासेही असतात. बाटली नुसती पाहून हें ध्यानांत येत नाहीं. मासे नसलेला सॉस मिळाल्यास तो घ्यावा. न मिळाल्यास लहान चमचाभर चिंचेचा घट्ट कोळ, कणभर गूळ आणि लसणीचा थोडा रस यांचें मिश्रण घालावें. मूळ सॉसमध्येंही चिंच आहेच, तेव्हां चव परकी वाटत नाहीं. तिसरें ठिकाण बियरचें. ती शिजवितांना तिच्यांतील मद्य सगळें उडून जातें अशी समजूत आहे, ती खरी नाहीं. कांहीं अंश राहतोच. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनीं दूधच वापरावें, आणि पाहुण्यांना वाढण्यापूर्वीं आंत काय आहे तें सांगावें. अतिथीच्या विश्वासाची किंमत चवीपेक्षां फार मोठी आहे.

या पदार्थाचे भाऊबंदही आहेत. वर पाण्यांत फोडून शिजविलेलें, म्हणजे ‘पोच’ केलेलें, अंडें ठेवलें कीं त्याला ‘बक रॅबिट’ म्हणतात. मिश्रणांत टोमॅटोचा रस घातला तर त्याचा रंग लाजल्यासारखा होतो, म्हणून त्या प्रकाराला ‘लाजरा ससा’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव आहे. सोबत कांद्याची किंवा काकडीची आंबट कोशिंबीर, अगर कैरीचें लोणचें द्यावें. स्निग्ध पदार्थाला आंबट सोबती हवाच. रात्रीं उशिरां मात्र तो फार खाऊं नये. झोंपण्यापूर्वीं चीज खाल्लें तर भयंकर स्वप्नें पडतात अशी पाश्चात्त्य देशांत जुनी समजूत आहे. याच समजुतीवर विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकारानें १९०४ सालीं एक चित्रमालिका सुरू केली. तींतील माणसें वेल्श रॅबिट खाऊन निजतात आणि चमत्कारिक स्वप्नांनीं घाबरून जागीं होतात. एडविन पोर्टर यानें १९०६ सालीं त्यावर एक लहानसा चित्रपटही काढला. स्वप्नांचें काय तें असो. पोटभर तूप आणि पाव खाऊन लगेच निजलें तर झोंप जड होईल, हें सांगावयास चित्रकार नको.

श्रोतेहो, परक्या देशाचा पदार्थ करावयास घेतला म्हणजे आपण नवें साहित्य जमवितों, नवीं नांवें पाठ करतों. पण आपल्या हाताच्या जुन्या सवयी मात्र तशाच बरोबर नेतों. बहुतेक ठिकाणीं त्या उपयोगी पडतात. पिठलें घोंटण्याची आणि मोहरी फेसण्याची आपली सवय येथेंही उपयोगी पडली. एकच सवय अर्ध्या तासापुरती चुलीबाहेर ठेवावयाची : तेल सुटण्याची वाट पाहण्याची. चीज वितळलें, तुकतुकीत झालें, कीं हात आवरावा. एवढें साधलें तर ज्या घांसासाठीं गोष्टींतल्या वेल्श लोकांनीं स्वर्गाचें दार सोडलें, तो आपल्या घरीं, आपल्या ताटांत, कोणाचीही थट्टा न करतां खातां येईल.